अंथुर्ण्याचा सेंटर हाफ

बारामतीला कॉलेजात असताना आमच्या फुटबॉल टीमचा सेंटर हाफ, म्हणजे गोलासमोर बचाव करणारा मधला गडी, अंथुर्ण्याचा होता. उंच, काटक, मानेचा मजबूत. वरून येणारा बॉल तो डोक्यानं असा परतवायचा की मागं गोलात उभ्या असलेल्या मला फारसं कामच उरत नसे. मी कन्हेरीचा. आम्ही दोघं एकाच डब्यात जेवायचो आणि त्याच्या आईच्या हातची भाकरी-चटणी बहुधा त्याच्यापेक्षा मीच जास्त खाल्ली असेल. सगळी पोरं क्रिकेटपायी वेडी झालेली असताना मला फुटबॉलात ओढलं ते त्यानंच.

नव्वद सालानंतरची गोष्ट. इंदापूरला मॅच होती. उत्तरार्धात एक उंच बॉल आला. आमचा गडी आणि समोरच्या इंदापूरच्या टीममधला भिगवणचा एक खेळाडू, दोघांनी एकदमच उडी मारली. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला आणि दोघंही खाली पडले. भिगवणकराची भुवई फाटली होती, शर्ट लाल झाला होता. सगळं मैदान त्याच्याकडं धावलं आणि त्याला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. आमच्या गड्याला मात्र साधं खरचटलंही नव्हतं. आमची टीम घेऊन आलेल्या सरांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, "बरा आहेस ना?" विचारलं. "व्हय, बरा हाय," म्हणत तो उठला आणि खेळायला लागला. थोड्या वेळानं बॉल घेऊन तो थेट माझ्याच गोलाकडं सुटला. "आरं, हिकडं कुठं?" मी ओरडलो. सगळे हसले, मीही हसलो.

परतीच्या एसटीत तो माझ्याशेजारी खिडकीत बसला.

"किती किती झालं रं?"

"एक-एक."

जरा वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा. पोरांना वाटलं, चेष्टा करतोय. मागच्या सीटवरून कुणीतरी दर खेपेला वेगळाच आकडा सांगू लागलं. तेवढ्यात गाडी अंथुर्ण्यात थांबली. त्यानं बाहेर बघितलं आणि हळूच मला विचारलं, "हे कुठलं गाव?"

"आरं, तुझंच गाव हाय."

तो कसनुसा हसला. मी सरांना हाक मारली. सरांनी त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं, तिथं उतरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाजवळ त्याच्या घरी निरोप दिला आणि त्याला तसाच बारामतीच्या डॉक्टरांकडं नेला. दवाखान्याच्या पायरीवरच त्याला उलटी झाली.

"कवटी शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले, "पण मेंदूला हिसका बसलाय. विरजण लावलेलं भांडं आपण हलवत नाही, तसंच समजा. पूर्ण बरा होईपर्यंत खेळ बंद. त्याआधी पुन्हा असा मार बसला, तर जिवावर बेतेल."

त्याची आई मिळेल त्या गाडीनं आली. सगळं ऐकून घेतलं आणि सरांना म्हणाली, "डोस्क्यानं बॉल मारत्यात व्हय? मग पाय कशाला हायत?"

सरांनी मान खाली घातली. "चूक माझी आहे, ताई. त्या पोराचं रक्त दिसलं म्हणून त्याला बाहेर काढलं. ह्याचं दिसलं नाही, म्हणून ह्याला खेळवत ठेवला."

रविवारी मी अंथुर्ण्याला जायचो. तो आतल्या अंधाऱ्या खोलीत पडून असायचा. उजेड सोसत नव्हता, रेडिओ सोसत नव्हता. एकदा भांडं पडलं तर तो आईवर एवढा ओरडला की मीच दचकलो. कधी आवाज न चढवणारा पोरगा, नंतर स्वतःच रडायला लागला. आई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "तू न्हाय वरडत बाळा, तुझं डोस्कं वरडतंय."

अशाच एका रविवारी दारात भिगवणकर उभा. भुवईवर टाके, हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेली उजनी धरणातली चिलापी मासळी.

"तुझं डोस्कं लई टणक हाय गड्या," भिगवणकर म्हणाला.

"तुझं काय कमी हाय?"

कित्येक दिवसांनी तो हसला होता. आईनं आधी पाहुण्याचे टाके तपासले, मग झणझणीत कालवण केलं आणि दोघांना शेजारी बसवून वाढलं.

इकडं सरांनी नियम केला, डोक्याला मार बसला की खेळाडू बाहेर, त्या दिवशी पुन्हा आत नाही. बरा आहे म्हणाला तरी नाही. समोरच्या टीमा आम्हाला काचेची भांडी म्हणायच्या. एक मॅच तर आम्ही त्या नियमापायीच हरलो. सर बधले नाहीत. पुढं भिगवणकरानं हट्ट धरला आणि इंदापूरकरांनीही तोच नियम घेतला.

आमचा गडी हळूहळू सावरला. आधी चालणं, मग पळणं, मग बॉल. इंदापूरच्या मॅचचा उत्तरार्ध मात्र त्याला कधीच आठवला नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा पुढचा हंगाम आला होता. तो पुन्हा मॅचला उतरला त्या दिवशी त्याची आई पहिल्यांदाच मैदानावर आली आणि छत्री उघडून रेषेला खेटून बसली. बॉल वर उडाला की ती उठून उभी राही आणि पदर सावरत ओरडे, "सोड त्यो! खाली यिऊ दे!"

पोरं खो-खो हसत होती. तो लाजून लाल झाला होता, पण प्रत्येक वेळी खरोखरच थांबत होता आणि बॉल खाली आला की पायानं इतका सुरेख पास देत होता की मी गोल राखायचं सोडून त्याच्याकडं बघतच राहत होतो.