टिपणात न आलेला नकार

युडिथा ल्युबर्टला ब्रसेल्सने पुन्हा कधी बोलावलं नाही, याला आमच्या गावात लोक अजून तिच्या भावाचं नाक जबाबदार धरतात. धरू देत. गावाला दुसरा उद्योग काय? पण खरी गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती अर्धवट सांगितलेली मला खपत नाही.

डेन्मार्कच्या मागे फरफटत आम्ही ग्रीनलंडवाले त्या युरोपच्या सामाईक बाजारात गेलो. विचारलं तेव्हा आम्ही नाहीच म्हणालो होतो, पण ऐकतो कोण? ब्याऐंशी साली पुन्हा मतं पडली आणि काठावर का होईना, बाहेर पडायचं ठरलं. आता बाहेर पडतो म्हटलं आणि पडलो, इतकं ते सोपं नव्हतं. आम्हाला आमची मासळी त्यांच्याकडे जकातीशिवाय विकायची होती आणि त्यांना आमच्या समुद्रात जहाजं आणायची होती. दोन वर्षं घासाघीस चालली. खोल पाण्याचं एकवेळ समजू शकतो. पण एका खालच्या समितीत आमच्या गावासमोरच्या आतल्या उथळ पट्ट्याची गोष्ट निघाली. तिथे कॉड मासा अंडी घालतो. लहान होड्यांची माणसं, म्हातारे, विधवा, सगळे तिथेच गळाचे दोर टाकतात. तिथून मोठी जाळी ओढली गेली असती तर चार हिवाळ्यांत गाव उठलं असतं.

या समितीत मच्छीमारांकडून एकच माणूस गेला, एनोक. वय बासष्ट, अंगात पाद्रीबाबांचा मागून आणलेला कोट. आणि त्याच्या शेजारी दुभाषी म्हणून त्याची धाकटी बहीण युडिथा. ती शाळेत डॅनिश शिकवायची. कोपनहेगनला तीन महिने दुभाष्याचं शिक्षण घेऊन आली होती, आणि तिथल्या बाईंनी तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती. समोरच्याच्या तोंडातून निघेल तेवढंच सांगायचं, पदरचं अक्षर घालायचं नाही. युडिथाने हे इतकं मनावर घेतलं होतं की ती घरीसुद्धा निरोप सांगताना खोकल्यासकट सांगायची.

तर त्या दिवशी अध्यक्षांनी कागद वाचला. आतला पट्टा पाच वर्षं त्यांच्या जहाजांना खुला, बदल्यात आमच्या मासळीला सवलत. मच्छीमारांच्या प्रतिनिधीला हे मान्य आहे का? युडिथाने एनोकला आमच्या भाषेत सांगितलं.

एनोकने नाकाला सुरकुती पाडली.

आमच्याकडे हो म्हणायला भुवया उचलल्या की झालं, आणि नाही म्हणायला नाक आक्रसलं की झालं. तोंड कशाला शिणवायचं? आमच्या थंडीत तर ते उघडूच नये. एनोकने दिलेला नकार आमच्या गावातल्या दोन वर्षांच्या पोरालाही कळला असता. युडिथाने तो पाहिला. तिचं तोंड उघडलं होतं. पण शब्द तर आला नव्हता, मग भाषांतर कशाचं करायचं? तिने तोंड मिटलं. अध्यक्षांचे डोळे कागदावर होते. शेजारचा डॅनिश साहेब घड्याळ बघून म्हणाला, "हरकत दिसत नाही." लिहिणाऱ्याने लिहिलं, आणि सगळे जेवायला गेले.

दुपारी कच्चा मसुदा तपासायला युडिथाच्या हातात आला. ती उतरायच्या खोलीवर गेली तेव्हा एनोक वर्तमानपत्र पसरून घरून आणलेला सुका कॉड सुरीने कापत होता. मोठ्या खुशीत होता.

"ये, बस. तिथलं ते पांढऱ्या रश्श्यातलं काय होतं गं? माशाला असं दुधात बुडवून मारतात होय?" तो म्हणाला. "असू दे. नाही सांगून टाकलं, माझं काम झालं."

"दादा, यात लिहिलंय की तुला मान्य आहे."

"मी नाही म्हणालो."

"तू बोलला नाहीस."

"तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग?"

युडिथाने नियम सांगितला. बाईंनी शिकवलेला, शब्दाला शब्द. एनोकने सगळं ऐकून घेतलं, सुरी पुसली, कॉड पुन्हा कागदात गुंडाळला.

"मला वाटलं, तू माझ्यासाठी आलीयस," तो म्हणाला. "तू तर खुर्चीसाठी आलीयस."

त्यानंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. बहिणीला त्या खुर्चीच्या वाक्याहून जास्त लागेल असं काही तो बोलूच शकला नसता, आणि ते खोटंही नव्हतं. तिला ती खुर्ची आवडली होती. आमच्या गावच्या, मासे सोलणाऱ्या बाईच्या पोरीला तिथे लोक 'मॅडम' म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सह्यांपूर्वी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाला काही सांगायचंय? युडिथा उठून उभी राहिली.

"मला सांगायचंय. काल ही व्यक्ती नाही म्हणाली. मी पाहिलं आणि सांगितलं नाही."

डॅनिश साहेब लालेलाल झाला. "दुभाष्याने स्वतःचं बोलायचं नसतं, मॅडम."

"ठाऊक आहे."

"टिपणात कुठल्या पानावर आहे हा नकार?" अध्यक्षांनी विचारलं. चिडून नाही, खरंच पान शोधत होते.

"कुठल्याच पानावर नाही. त्याच्या चेहऱ्यावर होता. तुम्ही पुन्हा विचारा, आणि कृपा करून या वेळी त्याच्याकडे बघा."

टेबलाच्या टोकाला कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी मात्र चष्मा काढला आणि एनोककडे बघत तोच प्रश्न विचारला. युडिथाने आमच्या भाषेत तो सांगितला. आता तरी या माणसाने तोंड उघडावं की नाही? पण हट्टी म्हणजे किती हट्टी. त्याने पुन्हा नाकच आक्रसलं.

"तो म्हणतो, नाही," युडिथा म्हणाली.

पट्ट्यावर आणखी चार दिवस वाद झाले आणि शेवटी तो कलमातून वगळला गेला. युडिथाला मात्र त्याच दुपारी आभाराचं पत्र मिळालं. पुढच्या बैठकांना दुसरा दुभाषी आला.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत आम्ही बाहेर पडलो. त्या दिवशी गावात घरोघर कॉफी झाली. एनोककडे गर्दी लोटली, कारण लोकांच्या लेखी पट्टा त्याने वाचवला होता. युडिथा कपबशा विसळत होती. भाऊ तिच्याशी बोलायला लागला होता, पण हवापाण्याचं, होडीचं. तेवढंच. ती रात्रंदिवस एकच विचार करायची, दादा रागावला नसता तर मी गप्पच बसले असते. हे तिने मला स्वतः सांगितलंय, आणि सांगताना रडली आहे.

नऊ वर्षांनी एनोकला झटका आला. वाचा गेली, अर्धा चेहरा लुळा पडला. गावोगाव फिरणारा डॅनिश डॉक्टर बोटीने आला. चांगला माणूस होता, पण घाईत. पलंगाशी वाकून त्याने मोठ्याने विचारलं, "तुम्हाला राजधानीच्या इस्पितळात नेऊ या, चालेल?"

युडिथाने सांगितलं. एनोक पडून होता. खिडकीतून आतला पट्टा दिसत होता आणि त्यावर सहा-सात लहान होड्या.

"ते प्रतिसाद देत नाहीत," डॉक्टर म्हणाला आणि वहीत लिहू लागला. "मी हेलिकॉप्टर मागवतो."

एनोकच्या नाकाची डावी बाजू, जी अजून हलत होती, ती आक्रसली. जेमतेम.

"थांबा, तो नाही म्हणतोय," युडिथा म्हणाली. या वेळी तिला क्षणही लागला नाही. "खोडा ते."

मग ती भावावर वाकली. "दादा, इथेच राहायचं?"

एक भुवई वर गेली. ती खाली येईना. एनोक तिच्याकडे बघतच राहिला, आणि युडिथाने त्याचा हात धरून डॉक्टरला सांगितलं, "हो म्हणाला."

डॉक्टरने तसं लिहून घेतलं.