झिमीचा शेवटचा भाग

रविवारी सकाळी टीव्हीवर मुलांसाठी एक विनोदी कार्टून लागायचं. पावसाळ्यात सुरू झालं आणि दिवाळीआधी, काही न सांगता, बंद पडलं. आज ते कोणाला आठवत नाही. त्यात झिमी नावाची एक बदकीण होती. तिचा डावा पाय आत वळलेला होता. प्रत्येक भागात ती ऐटीत निघायची आणि चिखलात पडायची. पडली की मागून हसण्याचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. विनोद एवढाच होता.

त्याच वर्षी रोह्याला आमच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, एक नवीन मुलगी आली. पेणच्या खाडीकडच्या गावातली. आईवडील मिठागरावर कामाला, म्हणून तिला शिकायला मावशीकडे ठेवलं होतं. तिचाही डावा पाय आत वळलेला होता. पहिल्याच सोमवारी मधल्या सुट्टीत तिला झिमी हे नाव पडलं. ते मी ठेवलं.

मावशी सुकी मासळी विकायची. घरात टीव्ही नव्हता. झिमी कोण, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती माझ्या बाकावर बसायची, म्हणून तिने मलाच विचारलं. मी सांगितलं की झिमी कार्टूनमधली हिरॉइन आहे, मध्ये मध्ये पडते, पण शेवटी तीच जिंकते. तिने विश्वास ठेवला. त्या नावाने हाक मारणारा प्रत्येक जण हसऱ्या चेहऱ्याने हाक मारायचा. ती ओ द्यायला लागली. वहीच्या कव्हरवरही तिने ते लिहिलं.

मग झिमी बघायची म्हणून ती मागे लागली. मी कधी पाहुणे आलेत म्हणायचे, कधी अँटेना पडलाय म्हणायचे. शेवटी एका रविवारी ती न विचारताच आली. केसांना तेल लावलं होतं, चपला दारात जोडीने काढून ठेवल्या. वडील धाटावच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्टला गेले होते. आईने तिला पोहे दिले. कार्टूनच्या वेळेला टीव्हीवर वांग्यावरच्या किडीचा कार्यक्रम लागला. आम्ही तो पूर्ण बघितला. पुढच्या रविवारीही तेच. सोमवारी मी तिला सांगितलं, बंद पडलं.

"मंग आता झिमी मी एकलीच," ती म्हणाली. तिला ते आवडलं होतं.

जानेवारीत ती गावच्या जत्रेला गेली. परत आली ती उजव्या हातावर गोंदवून. जत्रेत मुली देवाचं नाव गोंदवायच्या, नाहीतर आईचं. तिच्या हातावर मनगटाच्या वर हिरव्या अक्षरांत 'झिमी' होतं. कातडी अजून सुजलेली होती.

वर्गात एवढा हशा झाला की बाई फळा सोडून आल्या. हात बघून त्यांनी तिलाच विचारलं, झिमी कोण.

"मी, बाई."

हशा वाढला. बाईंना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी उत्तरं सहसा बरोबर असत. मी उभी राहिले.

"बाई, कार्टूनमधली लंगडी बदकीण. दर वेळी चिखलात पडते."

बाईसुद्धा हसल्या. लगेच त्यांनी पदर तोंडाला लावला, पण तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं.

मधल्या सुट्टीत ती बाकावरून उठली नाही. हात पोटाशी धरून बसली होती.

"तू बोललीस ना गो, शेवटाला तीच जिंकते म्हणून."

मी डबा उघडत होते. "शेवट बघितलाय कोणी? बंदच पडलं ना ते."

दुसऱ्या दिवशी तिने हाताला रुमाल बांधला. वार्षिक परीक्षेपर्यंत तो तसाच होता. त्यानंतर ती शाळेत आली नाही. हाकेला मात्र ती शेवटच्या पेपरापर्यंत ओ देत होती, कारण दुसऱ्या नावाने तिला कोणी बोलावतच नव्हतं. हजेरीपटावर तिचं काय नाव होतं, ते मला आठवत नाही.