वाळ्याच्या पडद्यामागचे कोळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, देव जाणे.

स्वातंत्र्यानंतरची सुरुवातीची वर्षं. पनवेलबाहेरच्या सरकारी भाजीमळ्यावर मी मदतनीस होतो. काम काय? कोळी मोजायचे! हसू नका, करंज्याचे मासे धरणारे कोळी नव्हेत—वांग्याच्या पानामागचा लाल कोळी, टाचणीच्या टोकापेक्षाही लहान. रस शोषून झाड वाळवतो. पत्र्याच्या शेडमध्ये काचेच्या बश्यांत पानं ठेवायची, अंड्यातून निघून कोळी पुरता वाढायला किती दिवस लागतात ते भिंगातून बघायचं, शेजारी तापमान लिहायचं.

पण ती शेड! एप्रिलात आत पाऊल टाकवत नसे. नुसता वैताग. मग मी काय केलं?—बश्या उचलल्या आणि ऑफिसात आणल्या, वाळ्याच्या ओल्या पडद्यामागे. त्या गारव्यात कोळ्यांना तेरा दिवस लागले. वहीत तापमान मात्र शेडचं लिहिलं. त्यावरून मळ्याच्या साहेबांनी गावोगाव सांगितलं, उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा गंधकाची भुकटी मारा, पुरे.

बेलपाड्याच्या हिराबाईनं मळ्यावरून मिळालेलं गंधक तसंच मारलं. तिची वांगी पार वाळली. मळ्यावर येऊन ती माझ्यावरच कडाडली, "आठ दिसांत परत भरतात ते! मी रोज बघते नाय का? तुमी कदी बघितलंत?"

खरं होतं तिचं. उन्हाच्या तडाख्यात कोळी आठवड्यातच वाढतो, लगेच अंडी घालतो. चूक कुठे झाली ते मला तिथल्या तिथे कळलं. बोललो? छे! साहेबांनी अहवाल मागितला तेव्हा लिहिलं—'बाईने निम्मे गंधक परस्पर विकले असावे.' असावे! काय सोयीचा शब्द आहे हो हा. साहेबांनी तेवढाच गाळून पुढे सांगितलं. तिचं बी-गंधक बंद झालं आणि गावात नाव पडलं, गंधकचोर.

दोन वर्षांनी फिरतीवर त्याच गावात एका ओटीवर चहाला बसलो होतो. त्या घरातल्या मुलासाठी हिराबाईच्या लेकीचं स्थळ आलेलं. मुलाच्या बापानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सायेब, तुमी सरकारी मानूस. खरं सांगा, ती बाय चोर हाय काय?"

एक 'नाही' म्हणायचं होतं—एवढंच. माझ्या मेल्याच्या तोंडून तेही निघेना.

"कागदावर तसंच आहे," मी म्हणालो.