भाड्याच्या खोलीतलं मत

“बाई, अख्खी गल्ली लिहून आणली. तुमचं स्वतःचं नाव कुठे आहे?” तहसीलमधी साहेबानं विचारलं. लेकरू कडेवर रडून राह्यलं होतं.

मी वडस्याच्या अंगणवाडीत मदतनीस. पोरायची खिचडी रांधाची, झाडझूड कराची. सातवी शिकली. आमच्या सेविकाबाईले मतदार यादीचं काम लागलं. घरोघरी जाऊन कोण राहते, वय किती, लिहून तहसीलमधी द्याचं. त्यायचे गुडघे दुखत, म्हणून आमची गल्ली माह्यावर टाकली.

गल्लीत पुढं मालकायचे घरं, मांगं भाड्याच्या खोल्या. मालक पटपट नावं सांगत. भाडेकरू नाई म्हणत. बाजूच्या खोलीतल्या टेलरचाचानं तं हात जोडले.

“बेटी, मेरा नाम मत लिख. इसी कमरे में बाल पक गये, कभी वोट नहीं डाला. मालिक बोलता है, आज नाम चढ़ा, कल कमरा अपना बोलेगा.”

यादीतलं नाव म्हणजे तिथी राहत असल्याचा पुरावा. मालकाले त्याचं भेव. मले मालकाचं भेव, म्हणून मी माह्यीबी खोली कोरीच ठेवली.

“भाड्यानं राहतो साहेब,” मी म्हटलं.

“मग भाडेकरू माणूस नसतो का? राहतो तो लिहायचा. लिहा, नाहीतर अंगणवाडीतलं काम बंद.”

काम गेलं तं खाचं काय, नवरा राईस मिलमधी हमाल, तेबी धान आलं तं. उभ्याउभ्या माह्यं अन् त्याचं नाव लिहिलं.

यादी लागली त्याच संध्याकाळी मालकभाऊ दारात.

“माह्या घरावर तुह्यं नाव कोणं चढवलं?”

“साहेबानं लावलं लिहाले, भाऊ.”

“मंग साहेबाच्याच घरी जा राहाले.”

“लेकरू लहान आहे भाऊ. काढतो मी नाव.”

“नाव मी काढतो. तू भांडे काढ.”

चाचा मान खाली घालून मशीन चालवत राह्यले. त्यायले काय म्हणू, त्यायनं तं आधीच सांगतलं होतं.

आमी गावाबाहेर झुडपी जंगलाच्या जागेवर गेलो. जागा सरकारची, लोकायनं झोपड्या टाकलेल्या. आमचा कूड उभा नाई झाला, तं वॉर्डाचा मेंबर हाजर.

“वहिनी, यादीत नाव टाकलं का? काऊन नाई? इथी पुरावा लागते, तवाच जागेचा पट्टा भेटन. मी टाकून देतो. फक्त आमाले इसरू नका.”

“अन् इसरलो तं?” नवऱ्यानं विचारलं.

मेंबर हसला. “तं जंगलवाले येतीन ना, झोपड्या पाडाले.”

जुन्या नावाचं साहेबाले विचारलं. म्हणे, “मालकाची हरकत आली, ही बाई इथे राहत नाही. आम्ही चौकशी केली. तुम्ही खरंच तिथे राहत नव्हता. नियमानं काढलं.”

मतदानाले आमच्या वस्तीत ट्रॅक्टर आला. बाळंतीणबी चढली. मी मेंबरनं सांगतलं तिथीच बटन दाबलं. भाड्याच्या खोल्यायतलं कोणी नोतं आलं.

आता यादीचं काम आलं का मी पहिले विचारतो, घर कोणाचं? भाड्याचं म्हटलं, तं मालकाले विचारलं का? नाई म्हटलं, का पुढच्या दारी जातो. साहेबाले सांगतो, कुलूप होतं.