अर्धं वाक्य

बाबा रेल्वेत पुलांचे इंजिनिअर होते. ते निवृत्त झाल्यावर आई म्हणाली, "साताऱ्याला परत जाऊन तिथं आता ओळखीचं कोण उरलंय?" माझी नोकरीही इथंच, केंद्र सरकारच्या कचेरीत. म्हणून आम्ही लखनौतच राहिलो, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर घेतलं. आमच्या समोरच्या घरात एक निवृत्त प्राध्यापक राहायचे. त्यांची पत्नी आधीच गेलेली, एकुलती एक मुलगी भोपाळला. बाबा त्यांना 'प्रोफेसर साहब' म्हणत, ते बाबांना 'इंजीनियर साहब'. मी त्यांना अंकल म्हणायचे.

दोघांची मतं एकदम उलटी. रोज सकाळी पार्कातून फिरून आले की आमच्या व्हरांड्यात चहा आणि भांडण. बाबा चिडले की हिंदी सोडून मराठीत शिरायचे आणि अंकल शांतपणे म्हणायचे, "अनुवाद कर दीजिए, जवाब तभी दूँगा." मतदानाला मात्र दोघं एकाच स्कूटरवर जायचे. अंकल हसून सांगायचे, "हम दोनों एक-दूसरे का वोट काटने जा रहे हैं."

आई गेल्यावर बाबांचा फोन वाढला. आधी भजनं, मग बातम्या, मग बातम्यांसारखं काहीतरी. पेपर घडी न मोडता पडून राहायला लागला. जेवताना ते एखादा व्हिडिओ माझ्यापुढं धरायचे, "हे बघ, हे कुणी दाखवत नाही." मी म्हणायचे, "बाबा, हा कुठला आहे, कधीचा आहे, काही लिहिलंय का?" ते फोन मागं घ्यायचे. व्हरांड्यातला वाद चालू होता, पण आता बाबा अंकलना उत्तर देत नसत. ऐकलेलं तेच तेच म्हणून दाखवत.

निवडणूक जवळ आली तेव्हा सेक्टरच्या पार्कात रहिवाशांची सभा झाली. रस्ते उखडलेले, गटारं तुंबलेली, लोक वैतागलेले. कुणीतरी सुचवलं की यंदा मतदानावर बहिष्कार घालू. तेव्हा अंकल उठले. मी मागच्या खुर्चीवर होते, बाबा त्यांच्या शेजारी. अंकल म्हणाले, "लोग कहते हैं, वोट देने से क्या होगा, इस देश का कुछ नहीं होने वाला. मैं कहता हूँ, ऐसा सोचना अपने बच्चों के साथ बेईमानी है." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या.

दोन-तीन दिवसांनी कॉलनीच्या ग्रुपवर एक क्लिप आली. तिच्यात अंकल उभे राहून म्हणत होते, "वोट देने से क्या होगा, इस देश का कुछ नहीं होने वाला." एवढंच. आधीचं कापलेलं, नंतरचं कापलेलं. खाली लिहिलं होतं, असे लोक आपल्या सेक्टरमध्ये राहतात, ओळखून ठेवा. क्लिपच्या कोपऱ्यात बाबांचा खांदा दिसत होता.

बाबांनी ती क्लिप आपल्या रेल्वेच्या जुन्या मित्रांना पुढं पाठवली.

मला ते कळलं तसं मी त्यांच्या खोलीत गेले. "बाबा, तुम्ही तिथं होतात. पुढचं वाक्य तुम्ही ऐकलंत."

"काय ऐकलं? जे बोलला ते यात आहे."

"तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्या वाक्याला."

"मी? मी कशाला टाळ्या वाजवीन?" ते खरंच गोंधळले होते. खोटं बोलताना बाबांची नजर खाली जाते, ती माझ्याकडंच होती. "आणि व्हिडिओ काय खोटं बोलतो का?"

मला भीती वाटली ती तेव्हा. मी ग्रुपवर पूर्ण वाक्य लिहिलं, मी हजर होते असंही लिहिलं. दोघांनी पसंतीचा अंगठा टाकला. एकानं विचारलं, "मैडम, आपको कितना मिलता है?"

सकाळी पार्कात लोक अंकलना वळसा घालून जायला लागले. त्यांच्या फाटकावर कुणीतरी काळा रंग फासला. मी तो पुसायला गेले तर ते म्हणाले, "रहने दो बेटा, हाथ खराब होंगे." आणि मग, "इंजीनियर साहब ने भी देखा वो वीडियो?" मी मानेनंच हो म्हटलं. ते फाटक लावून आत गेले.

मतदानाच्या दिवशी ते इस्त्रीचा कुर्ता घालून आमच्या दारात आले. बाबा आतून म्हणाले, "सांग, बरं नाहीये." अंकलना मराठी एवढी वर्षं ऐकून कळायची. "अच्छा, आराम करें," म्हणाले आणि ई-रिक्षा थांबवून एकटे गेले. दुपारी बाबा शर्ट बदलून, मला काही न सांगता मत देऊन आले.

थंडीत मुलगी येऊन अंकलना भोपाळला घेऊन गेली. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा बाबा व्हरांड्यात येऊन उभे राहिले. अंकलनी हात जोडले. बाबांनीही जोडले. मधे एक रस्ता होता, तो कुणीच ओलांडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा मला फोन आला. अंकल गेले होते. मी बाबांना सांगितलं. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. मग म्हणाले, "मला का नाही कळवलं? तिच्याकडं माझा नंबर आहे."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"लावून दे मला."

मी फोन लावून दिला. तिकडून ती अगदी शांतपणे बोलली, मला शेजारी ऐकू येत होतं. "अंकल, पापा को आपसे कोई शिकायत नहीं थी. मुझे है."

"हाँ बेटा," बाबा म्हणाले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि हात धुवायला उठले. ताटातली पोळी तशीच होती.

चार-पाच दिवस त्यांच्या खोलीतून कसलाच आवाज आला नाही. मला वाटलं, आता ते बोलतील माझ्याशी. मग एका दुपारी मी डाळ निवडत होते आणि आतून पुन्हा व्हिडिओंचा तोच चढा स्वर ऐकू आला, कुणीतरी कुणाला तरी देशाचा शत्रू म्हणत होतं. मी दारात जाऊन उभी राहिले. बाबांनी वर पाहिलं, आवाज थोडा कमी केला, आणि बघत राहिले.