डावी दांडी

आभाळकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. बांधकामावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये एकवीस वर्षं बसलेल्या माणसाला खालचे लोक दुसरं म्हणणार तरी काय? सकाळी एकशेबारा पायऱ्यांची शिडी चढायची, दोन दांडे हातात घ्यायचे आणि टनावारी वजनाचं ओझं माणसांच्या जवळून अलगद न्यायचं, हा त्यांचा धंदा. उजव्या दांड्याने ओझं वरखाली, डाव्याने क्रेनचा लांब हात इकडेतिकडे. आणि खाली उभा राहून वॉकीटॉकीवर इशारे देणारा कोण, तर बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. मेव्हण्याचा जीव माझ्या हातात आहे बरं का, असं ते चारचौघांत थट्टेने म्हणत. थट्टा कसली, अगदी खरं होतं ते.

या गृहस्थांना वेड गेमचं. नवा कन्सोल विक्रीला आला त्या दिवशी दुकानापुढच्या रांगेत सगळी विशी-पंचविशीची मंडळी आणि मधोमध बावन्न वर्षांचे आभाळकर, रजा टाकून! हा कन्सोल म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा. टीव्हीजवळच्या खाचेत बसवला की चित्र टीव्हीवर, उचलला की अख्खा खेळ हातात, आणि दोन्ही बाजूंच्या मुठी काढल्या की दोघांनी एकेक घेऊन खेळावं. प्रत्येक मुठीवर अंगठ्याने फिरवायची एक इवलीशी दांडी. बायको म्हणाली, "दिवसभर दांडे ओढून पोट भरलं नाही वाटतं, घरी आणखी दोन आणलेत."

पहिल्याच आठवड्यात कन्सोल घेतलेल्यांचा इंटरनेटवर एक गट होता. तिथे आभाळकरांनी आपला अनुभव लिहिला, क्रेनची नोंदवही लिहितात तसा. पडदा झकास, उन्हातही दिसतो. मुठी खट्कन बसतात आणि बटण दाबल्याशिवाय सुटत नाहीत, हे मनापासून आवडलं. पाठ तापते, पण पोळत नाही. बॅटरी अडीच तास, म्हणजे सुरू केलं नाही तोच संपली. वजन जास्त, उताणं झोपून खेळाल तर नाकावर आपटेल (आपटला). आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'डावी दांडी सदोष. स्थिर धरली तरी खेळातला माणूस आपला डावीकडे चालत सुटतो. टीव्हीवर खेळताना कमी, हातात घेतला की जास्त.'

'आमचा तर ठीक आहे' अशी उत्तरं आली. 'बदलून घ्या काका' अशीही आली. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं!"

आभाळकर उखडले. "दांडी कशी धरायची ते मला शिकवणार तू? एकवीस वर्षांत एक वीट पाडली नाही मी!"

"बरं बाई, चुकलं माझं," ती म्हणाली आणि हसली.

दुकानदाराने काही खळखळ न करता कन्सोल बदलून दिला. रविवारी दुपारी आभाळकरांनी दुसरा खोका उघडला, कोचावर बसून कन्सोल हातात घेऊनच खेळ सुरू केला. नदीवरचा अरुंद पूल होता. खेळातला माणूस पुलाच्या मध्यावर गेला, थांबला, मग हळूच डावीकडे सरकला आणि पाण्यात पडला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा डावीकडे, पुन्हा पाण्यात.

"हासुद्धा नासका!" ते ओरडले.

कॉलेजात जाणारी मुलगी शेजारी येऊन बसली. "बघू द्या." तिने पूल ओलांडला, परत आली, मधोमध उभी राहिली. पुलावरचा माणूस तसूभर हलला नाही. "कुठे सरकतोय, बाबा?"

आता इथे आभाळकरांची रोजची एक सवय सांगायला हवी. सकाळी केबिनमध्ये यंत्र सुरू केलं की ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवत आणि साठ आकडे मोजेपर्यंत खालच्या हुकाकडे बघत. हात सोडूनही हूक सरकला तर दोष यंत्रात. मग दांड्याला शिवायचं नाही, मिस्त्रीला बोलवायचं. हात सोडून बघितल्याशिवाय यंत्राला नावं ठेवायची नाहीत, हे ते प्रत्येक नवशिक्याला बजावून सांगत. स्वतः मात्र दोन कन्सोलना नावं ठेवून मोकळे झाले होते, आणि हात काही सोडले नव्हते.

त्यांनी कन्सोल टेबलावर ठेवला. हात गुडघ्यांवर घेतले. एक, दोन, तीन... साठ. पुलावरचा माणूस जागचा हलला नाही.

त्यांनी कन्सोल उचलला. डावा अंगठा दांडीवर टेकवला, नुसता टेकवला. माणूस चालू लागला. अंगठ्याकडे नीट बघितलं तेव्हा तो आपला आपण आत ओढला जात होता, बारीक थरथरत होता. टीव्हीसमोर ते हात मांडीवर टेकवून खेळत, म्हणून तिथे दोष कमी दिसायचा. आभाळकरांच्या पायाखालची जमीन सरकली.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"काही नाही. झोप कमी झाली असेल."

झोप कुठली कमी? दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीटचा आधीच ओतून आणलेला चार टनांचा जिना बसवायचा होता. तो मुंगीच्या पावलाने खाली येताना मेव्हणा आणि दोघे गवंडी बाजूला हातभर अंतरावर उभे असणार होते. बोललं तर केबिन गेलीच म्हणून समजा. मग खाली बसून दुसऱ्याच्या क्रेनकडे मान वर करून बघायचं. न बोलावं, तर खाली बायकोचा भाऊ. रात्री जेवताना फोनच्या स्पीकरवर तोच मेव्हणा बहिणीला म्हणत होता, "उद्या लवकर सुटू गं, दाजी आहेत वर, काळजी नाही." मनाची समजूत घालायला माणसाला काय लागतं? खेळातली इवलीशी दांडी वेगळी आणि क्रेनचा मुठीएवढा दांडा वेगळा, असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं.

सकाळी शिडी चढले. यंत्र सुरू केलं, हात गुडघ्यांवर, साठ आकडे. हूक स्थिर. एरवी यावर त्यांचा जीव भांड्यात पडायचा. आज तो पडेना. यंत्र निर्दोष. मग उरलं कोण?

जिना उचलला. वर गेला, वळला, नीट गेला. बघ, उगाच घाबरलास, असं ते मनात म्हणाले. मग तो इमारतीच्या खाचेवर आणून थांबवायचा होता. थांबवला. खाली तिघे जण पुढे सरसावले. मेव्हण्याने हात वर केला: हळू, हळू.

जिना वीतभर डावीकडे सरकला.

आभाळकरांनी परत आणला. पुन्हा सरकला. एक गवंडी भिंतीच्या आणि जिन्याच्या मध्ये होता, त्याने चटकन अंग चोरलं.

"दाजी," वॉकीटॉकीवर मेव्हण्याचा आवाज आला, "डावीकडे ओढतंय. वर वारा आहे का?"

काचेपुढे वाऱ्याचा काटा होता, आणि तो शून्याला चिकटून बसला होता. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं हो! कोण वर चढून बघणार होतं? मेव्हणा वाऱ्याला चार शिव्या घालून थांबला असता, आणि दुपारी पुन्हा त्याच जिन्याशेजारी येऊन उभा राहिला असता. कारण दाजी वर होते.

"सगळे मागे व्हा," आभाळकर म्हणाले.

"अहो, पण जागेवर आलाय की—"

"मागे हो म्हणतो ना! अंगण पूर्ण रिकामं कर!"

तिघे मागे पळाले. आभाळकरांनी डावं मनगट मांडीवर घट्ट दाबून धरलं, नुसत्या बोटांनी क्रेनचा हात मोकळ्या अंगणावर फिरवला, आणि मग डाव्या दांड्यावरून हात काढला तो काढलाच. उजव्याने जिना खाली सोडला. धूळ उडाली. जिना टेकला.

"काय झालं दाजी? वारा का?"

"वारा नाही रे," आभाळकर म्हणाले. "माझा हात आहे. दुसऱ्याला वर पाठव."

एकशेबारा पायऱ्या उतरायला त्यांना नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. खाली मेव्हणा शिडीला धरून उभा होता. त्याने त्यांचा डबा आपल्या हातात घेतला आणि त्यांना सरळ डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून बघितला, तपासण्या लिहून दिल्या आणि कळेपर्यंत केबिन बंद म्हणून सांगितलं.

संध्याकाळी आभाळकरांनी तो गट उघडला आणि आपल्या अनुभवाखाली लिहिलं: 'डाव्या दांडीबद्दलची तक्रार मागे घेतो. यंत्र चांगलं आहे. हात सोडून तपासलं.' कोणीतरी विचारलं, मग दोष कशात होता? त्यांनी फोन पालथा ठेवला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती; भावाने तिला आणि मुलीला सगळं सांगितलं होतं. अंगण वाकडं असल्याचं आपण बोललो, ते तिला आता गिळताही येईना. मुलीने मात्र कन्सोल खाचेत बसवला, दोन्ही मुठी खट्कन काढल्या आणि उजवी बापाच्या हातात दिली.

"डावी माझ्याकडे," ती म्हणाली. "चालवेन मी. तुम्ही मामासारखे फक्त इशारे द्या."

आभाळकरांनी टीव्हीकडे बघितलं. पूल समोरच होता.

"हळू," ते म्हणाले. "हळू... आता सरळ."