मुनिरक्यातली एक शेंग

दिल्लीच्या आधी मला गुडगाव दिसलं. पिवळ्या मोहरीच्या शेताला लागून काचेच्या उंच इमारती उभ्या होत्या आणि त्यांच्यामधल्या नव्या कोऱ्या रस्त्यावरून म्हशी सावकाश चालल्या होत्या. विमानतळावरून मोटार शिरीष चालवत होता. शिरीष म्हणजे नंदाचा, माझ्या बायकोचा, मामेभाऊ. केंद्र सरकारच्या नोकरीमुळे तो जन्मभर दिल्लीत राहिलेला.

"भाऊजी, चार वर्षांपूर्वी इथे काहीच नव्हतं. आता वीज सोडून सगळं आहे!"

त्याच्या म्हणण्याचा प्रत्यय आला. गुडगावातल्या त्याच्या नव्या घरी वर जाताना लिफ्ट मध्येच बंद पडली. अंधारात मी नंदाचा हात घट्ट धरला. खरं सांगतो, तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो होतो.

आम्ही नाशिकहून आलो होतो ते नंदासाठी. वर्षभर तिला नैराश्याने घेरलं होतं. गोळ्यांनी झोप सुधारली होती, पण खाली जाऊन दुधाची पिशवी आणायची म्हटलं तरी तिची छाती धडधडायची. शिरीषच्या सहकाऱ्याची मुलगी गौरी मानसशास्त्रज्ञ होती. लक्ष देऊन श्वास बघण्याच्या ध्यानाने अशा माणसांना मदत होते का, याचा ती अभ्यास करत होती. नंदाच्या गोळ्या सुटतील, ही आशा मी तिला न विचारताच बाळगून होतो.

दुसऱ्या दिवशी गौरीला भेटायला दिल्लीतल्या मुनिरक्याला गेलो. गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्हीकडच्या गॅलऱ्या जवळजवळ एकमेकींना टेकलेल्या. भाड्याच्या खोल्यांमधून विद्यार्थी उतरत होते आणि कोपऱ्यावर गाडीवाले शकरकंदी (निखाऱ्यावर भाजलेली रताळी) लिंबू पिळून विकत होते. थंडीत ती फारच चवदार लागली.

गौरीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तिने नंदाला झोपेबद्दल विचारलं, उत्तर मी दिलं. जेवणाबद्दल विचारलं, तेही मीच सांगितलं.

"काका," गौरी हसली, "अभ्यास तुमचा नाहीये हां."

मग तिने पद्धत सांगितली. गोळ्या कुणीच बंद करायच्या नाहीत. अर्ध्या लोकांना ध्यानाचा वर्ग आता, उरलेल्यांना नंतर. मग दोन्ही गटांत काय फरक दिसतो ते बघायचं. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठी ठरवणार.

मी आवाज खाली आणला. "आपण मराठी माणसं. हिला आधीच्या गटात घ्या ना."

"बिल्कुल नाही! ओळखीच्यांना आधी घेतलं, तर फरक ध्यानाने पडला की ओळखीने, मला कसं कळणार?"

मला लाज वाटली, आणि त्या मुलीवर भरवसाही बसला. "पण गुण येईल ना?" मी विचारलंच.

"काहींना येतो. काहींना डोळे मिटले की उलट जास्त भीती वाटते, मग आम्ही डोळे उघडे ठेवायला सांगतो. सगळ्यांनाच येईल, असं नाही म्हणणार मी."

इतक्या लांबून मी एक 'हो' ऐकायला आलो होतो. तो न देणारी ती मला फार मोठी वाटली.

चिठ्ठीत नंदा आधीच्या गटात आली. पहिल्या वर्गाला घरच्यांनाही बसता येत होतं. गौरीने प्रत्येकाच्या हातावर एकेक भुईमुगाची शेंग ठेवली. ती जन्मात प्रथमच बघतोय अशी बघायची, कानाशी हलवायची, हुंगायची. मन भरकटलं तर स्वतःवर रागवायचं नाही, फक्त परत यायचं. मी काय केलं? सवयीने माझी शेंग सोलली, दाणे नंदाच्या तळहातावर ठेवले आणि तिची सोलायला घेतली.

"अहो, ती माझी आहे. द्या इकडे."

सगळे बघायला लागले. शेजारचे सरदारजी म्हणाले, "दे दो भाईसाहब, मूंगफली का मामला है!" खोलीत हशा पिकला. नंदाही हसली. मी शेंग परत दिली. तिने खूप वेळ लावला. पण टरफल तिनेच फोडलं. वर्षभर मी तिचं सगळं करत होतो, तिच्या वतीने बोलतही होतो. ते प्रेमच होतं. पण त्यात तिने करायचं असं काही उरलंच नव्हतं.

माझी रजा संपली. वर्ग अजून कितीतरी आठवडे चालणार होता. "मी राहते," नंदा म्हणाली. मी शिरीषकडे पाहिलं. निर्णय तिचाच, अशा थाटात तो खिडकीबाहेर बघत राहिला.

परतीच्या गाडीत विचार करत होतो. ध्यान नंदाला बरं करील का, हे गौरीला ठाऊक नाही, मग मला कुठून असणार? मी दिल्लीला उत्तर आणायला गेलो होतो. तिथली माणसं मात्र नीट प्रश्न विचारत होती, आणि उत्तराची वाट बघायची त्यांची तयारी होती.

पुढच्या आठवड्यात नंदाचा फोन आला. ती वर्गाला एकटी निघाली होती आणि बसमधून भलत्याच थांब्यावर उतरली.

"घाबरलीस?"

"खूप. तशीच उभी राहिले थोडा वेळ. मग एका बाईंना रस्ता विचारला."

उद्यापासून शिरीष सोडेल तुला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो. "सांग पुढे."